आधी आकडा लिहा, मग हात लावा

मागच्या अंकात मी माझ्या कामाविषयी दोन पानं लिहिली होती. कॉलेजं, दवाखाने, माती परीक्षण केंद्रं, दूध संकलन केंद्रं यांच्या प्रयोगशाळांतली यंत्रं बरोबर दाखवतात की नाही, हे गावोगाव फिरून तपासायचं, म्हणजे कॅलिब्रेशन करायचं, हे ते काम. राहतो दारव्ह्याला, फिरतो विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत, २००१ पासून. त्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : काका, मी ब्रह्मपुरीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. मला हे काम करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, मुलीला असं गावोगाव फिरणं जमायचं नाही. शिक्षण काय लागतं, आणि तुमचा दिवस खरोखर कसा जातो?

उत्तर : बेटा, माझा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. पुसदला काम असलं की दारव्ह्याहून दुपारची एसटी पकडतो. पाठीवरच्या पिशवीत टॅकोमीटर, स्टॉपवॉच, तापमानाचे सेन्सर आणि त्यांचा लॉगर, बफरच्या म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांच्या बाटल्या, मल्टिमीटर, पाणसळ आणि दहा मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड. वजनांची लाकडी पेटी मात्र मांडीवर. एक मिलिग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंतची स्टीलची वजनं, प्रत्येक आपापल्या मखमलीच्या खाचेत. ती पेटी मी आजवर सीटखाली सरकवली नाही की कंडक्टरच्या हाती दिली नाही.

आदल्या संध्याकाळी पोहोचायचं कारण वजनंच. मे महिन्यात एसटीचा पत्रा तापतो तशी तीही तापतात. गरम वजन काट्यावर ठेवलं की त्याच्या अंगची हवा तापून वर जाते, ताटलीला किंचित उचलते आणि काटा कमी दाखवतो. हाताला कळणार नाही एवढा हा फरक असतो, पण चार दशांशांच्या काट्याला तो लगेच कळतो. म्हणून पेटी रात्रभर काट्याशेजारी उघडून ठेवायची. मी लॉजवर, वजनं प्रयोगशाळेत.

सकाळी काटा सुरू करून तासभर तसाच सोडायचा. त्याच्या बुडबुड्याची जागा पाहायची. मग पंखा बंद, कूलर बंद. चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर असताना बंद खोलीत वजन करणं म्हणजे काय, हे तुला ब्रह्मपुरीची असल्यामुळे वेगळं सांगायला नको. घाम कोपरावरून गळतो, पण चिमटा धरलेला हात हलू द्यायचा नाही. शिपाईमामा दारातून म्हणतात, "आत्ताच तं पुसला मी काटा, अजून काय पाह्यता?" त्यांना मी बसवून दाखवतो. तेच वजन मधे ठेवलं तर किती, आणि ताटलीच्या चार कडांना ठेवलं तर किती. एकदा पाहिलं की पुढच्या वेळी तेच इतरांना समजावून सांगतात.

शिक्षणाचं म्हणशील तर फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं बी.एस्सी. चालतं, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा चालतो. मी स्वतः आयटीआयचा दोन वर्षांचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला. मुंबईला आयडेमी नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे कॅलिब्रेशनचं प्रशिक्षण मिळतं. आयएसओ १७०२५ हे अशा प्रयोगशाळांच्या कामाचं मानक, २०१७ची आवृत्ती, मुळातून वाच. पहिल्यांदा कोरडं वाटेल. वर्षभर काम करून पुन्हा वाचलंस की त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी चूक दिसू लागेल.

आता घरच्यांचं म्हणणं. त्यात चुकीचं काही नाही, आणि ते तसंच स्वीकारायचंही कारण नाही. माझ्यासोबत तीन वर्षं एक मुलगी होती. पिपेट, म्हणजे मोजून द्रव उचलायची नळी, तपासताना तिच्या दहा वाचनांतला फरक माझ्यापेक्षा कमी यायचा, हात इतका सारखा. तिला त्रास झाला तो यंत्रांचा नाही. शेवटची गाडी चुकल्यावर कुठे थांबायचं, एकट्या बाईला खोली द्यायला काचकूच करणारे लॉजवाले, दिवसभर जाता येईल असं शौचालय नसलेली केंद्रं, हा त्रास होता. तिने एक नियम केला. राहण्याची सोय, परतीचं वाहन आणि तिथल्या एका बाई कर्मचाऱ्याचा फोन नंबर हाती आल्याशिवाय घरातून निघायचं नाही. कंपनीने सुरुवातीला नाक मुरडलं, मग सगळ्यांसाठीच तो नियम झाला. मलाही त्याचा फायदा मिळाला. तू पहिली दोन वर्षं नागपुरातल्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बसून काम शीक, मग बाहेर पड. आणि घरच्यांना हे पत्र वाचून दाखव.

प्रश्न : मी चिखलदऱ्याला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. दोन दशांशांचा नवा काटा घेतला. अमरावतीला दुकानात १०० ग्रॅमचं वजन बरोबर १००.०० दाखवत होता. इथे आणला तर ९९.९८. घाटात धक्के बसून बिघडला का? दुकानदार म्हणतो, परत आणा.

उत्तर : भाऊ, परत नेऊ नका. तिथे नेलात की तो पुन्हा १००.०० दाखवेल, दुकानदार तुम्हाला वेड्यात काढेल, आणि वर आणला की पुन्हा ९९.९८. काटा धडधाकट आहे.

इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही. पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढते ते मोजतो आणि ग्रॅममध्ये लिहून दाखवतो. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या आसपास. एवढं वर गेलं की ओढ किंचित कमी होते, आणि १०० ग्रॅममागे पंधरा-वीस मिलिग्रॅमचा फरक पडतो. तुमचे ते दोन शतांश हेच. दिल्लीत जुळवलेला काटा नागपुरात तसाच लावला तर फरक आणखी मोठा, १०० ग्रॅममागे पन्नास मिलिग्रॅमच्या वर, कारण आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ. तुमच्या कॉलेजात जुना दोन पारड्यांचा तराजू असेल तर त्याला यातलं काहीच जाणवणार नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची ओढ सारखीच कमी होते.

तेव्हा काटा जिथे कायम राहणार त्याच टेबलावर ठेवा. टेबल दगडी ओट्याचं असेल तर उत्तम. पाय फिरवून बुडबुडा मधोमध आणा, तासभर सुरू ठेवा, आणि मग खात्रीचं वजन ठेवून तो जुळवून घ्या. त्याआधी आजचं ९९.९८ तारखेसह रजिस्टरला लिहून ठेवा. पुढे कधी टेबल बदललं, खोली बदलली, तर हेच सगळं पुन्हा.

खात्रीचं वजन म्हणजे कोणतं, असंही तुम्ही विचारलंय. माझी पेटी दरवर्षी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाते. त्यांची वजनं त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडलेली असतात, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. तिथे भारताचा किलोग्रॅम आहे, क्रमांक ५७. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिली नाही, ती प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर गेली. पण चिखलदऱ्याच्या टेबलावर ठेवायला हाती घेता येईल असं वजनच लागतं, आणि ते कुठून आलं याचा कागद लागतो.

जाता जाता एक. तुमच्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं भांडं, असेल तर तोही या उंचीला सोडून नाही. तुमच्याकडे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. गेजवर १५ पौंड दिसले तरी आतलं तापमान १२१ ऐवजी ११९ च्या आसपास राहतं. १२१ मिळवायला गेज १७ च्या जवळ न्यावा लागतो. आधी भांड्यावर लिहिलेली मर्यादा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पाहा, आणि आतलं तापमान एकदा मोजून घ्या.

प्रश्न : रामराम भाऊ. राळेगाव तालुक्यातला शेतकरी आहे. कापूस घेऊन गेलो तर ओलावा १४ टक्के दाखवून गाडी परत पाठवली. दुसऱ्या ठिकाणी त्याच गाडीचा ११ निघाला. हे मीटर कोण तपासतं? खरा आकडा कोणता?

उत्तर : रामराम. बाजारातले मीटर मी तपासत नाही, पण हे यंत्र कसं चालतं ते सांगतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा धरून भाव असतो, ८ ते १२ च्या मधे प्रमाणात कपात होते आणि १२ च्या वर कापूस घेत नाहीत. म्हणजे तुमच्या ११ आणि १४ च्या मधे गाडी विकली जाणं की परत जाणं, एवढा फरक आहे.

हातातल्या मीटरला बहुधा दोन सुया असतात. कापसातून वीज किती सहज जाते यावरून तो ओलावा ठरवतो. तोच कापूस जास्त दाबला तर आकडा वाढतो. सकाळचं दव वरच्या थरावर असेल तर वाढतो. घामेजल्या हाताने धरलेला बोळा तपासला तरी वाढतो. म्हणून तपासताना गाडीच्या मधून, निदान तीन जागांहून नमुना काढा अशी विनंती करा आणि तिन्ही आकडे पावतीवर मागा. बऱ्याच मीटरना स्वतःची तपासणी करायचं बटण असतं. ते तुमच्यासमोर दाबायला सांगा.

खरा आकडा भट्टीतून येतो. नमुना तोलायचा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. १०० ग्रॅम कापसातून १२ ग्रॅम पाणी गेलं तर ओल्या वजनावर ओलावा १२ टक्के. तेच १२ ग्रॅम उरलेल्या ८८ ग्रॅम कोरड्या कापसावर काढले तर १३.६. दोन्ही हिशेब बरोबर आहेत आणि दोन्ही वापरले जातात. मीटरचा आकडा कोणत्या हिशेबाचा, हे विचारायला संकोचू नका. तुमच्या मालाचा प्रश्न आहे.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा. एका कॅलिब्रेशन कंपनीत दीड वर्षापासून आहे. दिवसाला २५ पिपेट करायचं टार्गेट आहे. सीनियर मागच्या वर्षीचं सर्टिफिकेट उघडतात, शेवटचा आकडा इकडेतिकडे करतात आणि सही मला करायला लावतात. म्हणतात, सगळे असंच करतात. घरी तीन एकर कोरडवाहू, बहिणीचं लग्न व्हायचंय. नोकरी सोडवत नाही आणि सहीही करवत नाही. काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सहीला हात अडखळतो हे लिहिलंस, ते फार बरं केलंस.

आधी हिशेब मांडू, म्हणजे साहेबासमोर बोलायला तुझ्याकडे काहीतरी असेल. आयएसओ ८६५५ या पिपेटच्या मानकाप्रमाणे पिपेट तीन आकारमानांवर तपासायचा, पूर्ण, अर्धा आणि एक दशांश. प्रत्येकावर पिपेटमधून सोडलेल्या पाण्याची दहा वजनं, म्हणजे एका पिपेटची तीस. २५ पिपेटची साडेसातशे. एका वजनाला एकच मिनिट धरलं तरी साडेबारा तास होतात. त्यात पाणी भरणं नाही, टिप बदलणं नाही, जेवण नाही. हे टार्गेट प्रामाणिकपणे पूर्ण होऊच शकत नाही, हा आकडा कागदावर मांडून दाखवता येतो.

दुसरं, खोटी वाचनं पकडली जातात. वर्ध्यात मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, पाण्याचं तापमान २० अंश लिहिलेलं सर्टिफिकेट मी पाहिलंय. हजार मायक्रोलिटर पाण्याचं वजन २० अंशांना ९९७ मिलिग्रॅमच्या जवळ भरतं, ३० अंशांना ९९५ च्याही थोडं खाली. तापमान खोटं लिहिलं की अडीच मायक्रोलिटरची चूक तिथेच घुसते. हजारच्या पिपेटला सगळी मिळून सूट आहे आठची. त्या पिपेटने कुणाच्या तरी रक्ताची तपासणी होणार असते.

आता माझी गोष्ट. तू जिथे उभा आहेस त्याहून फार वेगळ्या जागी मी नव्हतो.

२००६ चा उन्हाळा. खारपाणपट्ट्यातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत गेलो होतो. पूर्णेच्या खोऱ्यातली ती माती, अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेली. खाली पाणी खारं, वर जमीन चोपण, म्हणजे अल्कधर्मी, पाणी न मुरणारी. पीएच मीटर तपासायचा होता. त्यांची रोजची रीत अशी, की ७ च्या बफरमध्ये इलेक्ट्रोड बुडवायचा, ७.०० आलं की मीटर बरोबर. मीही ७ मध्ये बुडवला, ७.०० आलं. मग ९.१८ च्या बफरमध्ये बुडवला, तर आकडा खाली. इलेक्ट्रोडची टोपी कोरडी पडली होती, आत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण राहिलं नव्हतं. चांगल्या इलेक्ट्रोडला २५ अंशांना एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट यायला हवेत, याचे कितीतरी कमी येत होते. असा थकलेला इलेक्ट्रोड सगळं सातकडे ओढतो. सातवर तो नेहमी खरा दिसतो. सातपासून जितकं दूर जाल तितका खोटा.

माझ्या पिशवीत नवा इलेक्ट्रोड होता. संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी इलेक्ट्रोड बदलला, दोन बफरवर मीटर जुळवला, ७.०० आणि ९.१८ दोन्ही आले, तेच सर्टिफिकेटवर लिहिले आणि निघालो. मला वाटलं, उत्तम काम झालं.

पावसाळ्यात पुन्हा तिकडे गेलो तेव्हा दर्यापूरकडचे एक शेतकरी दोन कागद घेऊन बसले होते. मार्चमधल्या कागदावर पीएच ८.४, म्हणजे जिप्समची गरज नाही. त्याच वावराचा दुसरीकडचा कागद, पीएच ८.८. साडेआठच्या वर जमीन चोपण धरतात, जिप्सम सांगतात, पाण्याचा निचरा करायला सांगतात. त्यांनी पहिल्या कागदावर विश्वास ठेवून पेरणी केली होती. पाऊस पडल्यावर जमीन आवळली, कोंब वर आलाच नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शेतकरी म्हणाले, "मंग आमच्या वावराचा खरा आकडा किती होता, ते सांगा ना भाऊ."

मला सांगता आलं नाही. ९.१८ मध्ये जुना इलेक्ट्रोड किती दाखवत होता ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि लिहिलं नव्हतं. समज, तिथे ८.७४ आलं असतं आणि मी लिहिलं असतं. सातपासून २.१८ चढायला हवं होतं, चढलं १.७४, म्हणजे शंभरात ऐंशी. मग कागदावरच्या ८.४ मधून सात वजा केले की उरतात १.४, त्याला ०.८ ने भागलं की १.७५, आणि सात मिळवले की ८.७५. पाच मिनिटांत, पेरणीच्या आधी, नुसत्या त्या शेतकऱ्याचाच नाही तर त्या महिन्यांत दिलेला प्रत्येक कागद दुरुस्त करता आला असता. एका आकड्याने. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. दिसलेलं खरं लिहिलं नव्हतं. त्या वावराचा हंगाम गेला तो गेला.

तेव्हापासून माझ्या वहीत पहिला रकाना 'आल्यावर' आणि शेवटचा 'जाताना'. 'आल्यावर'चा रकाना भरल्याशिवाय मी यंत्राचा एक स्क्रूही फिरवत नाही, गाडी गेली तरी. खराब यंत्राबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते किती खराब होतं. दुरुस्त केलं की ती माहिती कायमची पुसली जाते.

तुला उद्या राजीनामा दे असं मी सांगणार नाही. तुझ्या घराची जबाबदारी मी उचलणार नाही, मग तसं सांगायचा मला अधिकार नाही. पण एवढं कर. उद्यापासून जेवढे पिपेट खरे होतील तेवढेच कर, सहा होवोत की आठ, आणि त्यांची वाचनं स्वतःच्या वहीत, तारीख-वेळ-तापमानासह लिही. त्यांवरच सही कर. बाकीच्यांवर सही मागितली तर वर मांडलेला साडेसातशेचा हिशेब साहेबांना लेखी दे आणि वेळ माग. लेखी दे, बोलून नको. कंपनीला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असेल तर अशा प्रकाराची तक्रार तिथे करता येते, हे लक्षात असू दे. दरम्यान दुसरीकडे अर्ज करत राहा. मुलाखतीला ती वही घेऊन जा. मी स्वतः नव्या मुलांना घेतो तेव्हा पदवीच्या आधी वही मागतो, आणि ज्या वहीत खाडाखोड आहे, एखादं वाचन चुकलं म्हणून एका रेघेने कापून शेजारी खरं लिहिलंय, तो मुलगा घेतो.

प्रश्न : भामरागड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. लसींच्या आयएलआर (बर्फाच्या अस्तराच्या) फ्रिजचा डिस्प्ले ४ अंश दाखवतो आणि आतला काचेचा थर्मामीटर १ अंश. दोन वेळा नोंद ठेवते, कोणता आकडा लिहू कळत नाही. पाऊस सुरू आहे, तंत्रज्ञ लवकर येतील असं वाटत नाही.

उत्तर : ताई, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. आलापल्लीला दोन दिवस अडकून मी ते अनुभवलंय. तेव्हा तंत्रज्ञाची वाट पाहता पाहता तुम्ही स्वतः काय करू शकता ते सांगतो.

सगळ्यात आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दोन्ही आकडे कळवा आणि नोंदवहीत दोन्ही लिहा, डिस्प्ले इतका, थर्मामीटर इतका. एक निवडून दुसरा सोडू नका. लसींना २ ते ८ अंश हवेत हे तुम्हाला माहीत आहेच. आकडा ४ असेल तर सगळं ठीक, १ असेल तर गोठण्याची भीती. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की गेल्या.

आता थर्मामीटर उजेडात धरून पाहा. आतल्या रंगीत द्रवाची रेघ सलग आहे का? वाहतुकीत धक्का बसला की ती मधे तुटते, वरचा तुकडा तिथेच अडकतो, आणि खालच्या रेघेवरून वाचलं तर तापमान खरं असेल त्याहून कमी दिसतं. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता आहे, पण शक्यतेवर लस देता येत नाही, म्हणून पुढची तपासणी.

स्वच्छ पाण्याचा बर्फ करा, डिस्टिल्ड किंवा आरओचं असेल तर बरं. मीठ त्याच्या जवळपासही नको. बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये किंवा जाड कापडात गुंडाळलेल्या भांड्यात गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच थंड पाणी घाला. बर्फ तरंगू लागला तर पाणी जास्त झालं, ओतून टाका. थर्मामीटर मधोमध उभा ठेवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. अधूनमधून ढवळत दहा मिनिटं थांबा आणि बाहेर न काढता वाचा. वितळता बर्फ ० अंशांवरच असतो, भामरागडला असो की दिल्लीला. यासाठी माझी पेटी लागत नाही.

थर्मामीटरने तिथे उणे ३ दाखवलं तर तो तीन अंश कमी दाखवतो, म्हणजे फ्रिजमध्ये खरे ४ आहेत. ० दाखवलं तर थर्मामीटर खरा आहे आणि तो जिथे ठेवला होता तिथे खरंच १ अंश आहे. मग तो कुठे ठेवला होता ते आठवा. आयएलआरमध्ये तळाला गार आणि वर कमी गार असतं, डिस्प्लेचा सेन्सर तिसरीकडेच असतो. थर्मामीटर टोपलीत, लसींच्या मधे ठेवा आणि तासाभराने पुन्हा वाचा. तिथेही २ च्या खाली आलं तर लसी वापरायच्या की नाही, शेक टेस्ट, म्हणजे कुपी हलवून लस गोठली होती का ते पाहण्याची तपासणी, करायची की नाही, हा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. तुम्ही एकट्याने लस टाकूही नका आणि देऊही नका. जिल्ह्याच्या शीतसाखळी तंत्रज्ञांना फोनवर हाच बर्फातला आकडा सांगा. नुसतं 'फ्रिज बिघडलाय' म्हटल्यापेक्षा त्यांना पुष्कळ कळेल, आणि कोणता भाग घेऊन निघायचं हेही ठरवता येईल.

थर्मोस्टॅटचं बटण मात्र तोवर फिरवू नका. फिरवण्याआधी फ्रिजमधला आणि बर्फातला, दोन्ही आकडे वेळेसह लिहून मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा.